उजव्या टोपलीतलं उत्तर

त्या घरात कुणी एका हातात ओझं धरून चालत नसे. हातपंपावरून पाणी आणायचं तर दोन बादल्या. एकाच बादलीचं काम असेल तर दुसऱ्या हातात वीट, दगड, काहीही. पण रिकामा हात लोंबता दिसता कामा नये. बाजारातून एकच पिशवी गच्च भरून आणली, तर आप्पा ती उंबऱ्यातच अडवत. खाली बसून निम्मं सामान दुसऱ्या पिशवीत काढत, दोन्ही उचलून अंदाज घेत आणि मग म्हणत, "हं, आता ने आत." आत म्हणजे कुठं, तर हाताच्या अंतरावरच्या ओट्यावर. पण नियम तो नियम.

गावानं त्यांचं नाव तराजू ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पाठ वळली की म्हणत, आणि आप्पांना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. गावात याहून वाईट नावं होती. त्यांची बायको, म्हणजे पोरांची आई, तोंडाची फटकळ. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली तरी ती मधूनच विचारायची, "मला घरी आणलीत तेव्हा दुसऱ्या बाजूला काय टाकलं होतं हो तुम्ही?"

"माझी जीभ," आप्पा म्हणत. "ती उतरवून ठेवली तेव्हा कुठं तुझ्याशी वजन जुळलं."

हे त्यांचं ठरलेलं भांडण होतं. थोरली आणि धाकटा ही दोन्ही पोरं ते ऐकत मोठी झाली.

आप्पा फौजेत होते, पण बंदुकीपेक्षा लगामच त्यांच्या हातात जास्त राहिला. ते खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरात गाडीरस्ता जिथं संपतो तिथून पुढं खेचरं चालायची. वर जाताना पीठ, रॉकेल, दारूगोळा. खाली येताना जखमी माणसं. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं नसेल तर खोगीर सरकतं, पोटाखालचा पट्टा कापतो, जनावराची पाठ सोलते, आणि अरुंद वाटेवर खेचर जड बाजूला झुकतं. जड बाजूला बहुतेक वेळा दरी असते. एवढंच शास्त्र, पण ते आप्पांच्या हाडात मुरलं होतं. नव्यानं भरती झालेल्यांना दोन दिवस हसू येई, तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी खेचर खाली जाई आणि हसणं थांबे, असं ते सांगत.

ते सांगत त्या गोष्टी बहुतेक हसवणाऱ्याच असत. त्यांच्या खेचरीचं नाव सासू होतं. कितीही केलं तरी तिला पसंत पडत नसे आणि तिच्या मागं उभं राहण्यात शहाणपण नव्हतं. एकदा एका बड्या साहेबानं तिच्या मानेवर थाप मारली. सासूनं शांतपणे मान वळवून त्याच्या टोपीचा घास घेतला. टोपी परत काढण्याचं काम आप्पांवर आलं. ही गोष्ट पोरांनी इतक्या वेळा मागितली की शेवटी टोपी, साहेब आणि सासू तिघंही घरातलेच झाले. पण लढाईचं विचारलं की आप्पा उठून काहीतरी कामाला लागत. काम नसलं तर केरसुणी घेऊन झाडलेलंच अंगण झाडत.

फौजेतून आल्यावर त्यांनी उतारावरची वडिलोपार्जित तुकडाभर जमीन कसायला घेतली. बटाटे लावले. आणि फौजेनं निकामी ठरवलेलं एक खेचर आणून बांधलं. त्याचं नाव आईनं ठेवलं: जावईबापू. खायला पुढं, कामाला मागं, आणि रुसायला कायम तयार. तेव्हा गावापर्यंत सडक आली नव्हती. उतारावरचे सगळे शेतकरी आपली पोती आप्पांकडे देत, आणि जावईबापू कुरकुरत ती खाली पोचवी. परत येताना टोपल्या रिकाम्या असत. मग त्यात पोरं बसत.

उजव्या टोपलीत थोरली, डाव्या टोपलीत धाकटा. थोरली दोन वर्षांनी मोठी, अंगानंही भरलेली. तेव्हा धाकट्याच्या टोपलीत आप्पा एक दगड ठेवत. नदीतला, गुळगुळीत, राखी रंगाचा. थोरली जशी वाढली तसा दगडही बदलला. धाकटा चिडायचा. त्याला वाटायचं, ताई म्हणजे मी अधिक दगड, असा हिशेब सगळ्या गावापुढं मांडला जातोय. थोरलीला मात्र त्या दगडाचा हेवा वाटायचा, कारण आप्पा तो दोन्ही हातांनी, जपून, एखादं तान्हं ठेवावं तसा ठेवत.

वाट अरुंद होती. आप्पा पुढं, जनावर मागं. मागं वळून बघायची त्यांना सवय नव्हती. पुढची वाट सोडून मागं बघणारा फार काळ टिकत नाही, हे ते डोंगरात शिकले होते. तेव्हा चालता चालता ते हाक देत.

"डावं?"

"आहे!" धाकटा ओरडे.

"उजवं?"

"आहे!" थोरली ओरडे.

फौजेतली हाक होती ती. पुढच्यानं विचारायचं, मागच्यानं ओझ्याकडं बघून उत्तर द्यायचं. जखमी माणसं असली तर त्यांनी आपापलं उत्तर स्वतः द्यायचं. दोन नियम होते. एक, टोपलीत झोपायचं नाही. एरवी पोरांच्या अंगाला बोट न लावणारे आप्पा, उत्तर पेंगुळलेल्या आवाजात आलं की टोपलीवर काठी आपटत. दुसरा नियम त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता: हाक मारल्यावर उत्तराला वेळ द्यायचा. वाट चढणीची असते, पलीकडच्याला दम लागलेला असतो. लगेच दुसरी हाक मारायची नाही. थांबायचं. थोरली कधी मुद्दाम उत्तर उशिरा देई, आणि पुढं चालणारी ती रुंद पाठ ताठ झालेली तिला टोपलीतून दिसे. मग तिलाच राहवत नसे.

पुढं सडक आली, टेम्पो आला, जावईबापू एका सकाळी गोठ्यात आडवा झाला तो उठलाच नाही. पोरं मोठी झाली. थोरली लग्न होऊन तालुक्याच्या गावी गेली. नवरा बस चालवायचा आणि ती बसस्टँडमागच्या गाळ्यात शिवणकाम करायची. धाकटा शेतीवरच राहिला, खालच्या अंगाला वेगळं घर बांधून. वरच्या घरात दोघं म्हातारा-म्हातारी उरली. डाव्या-उजव्याची हाक मात्र गेली नाही, फक्त माणसं बदलली. आता डावे आप्पा स्वतः, आणि उजवी आई. सकाळी जाग आली की ते बाहेरच्या खोलीतून हाक मारत, "उजवं?" आणि चुलीपाशी बसलेली आई आधी खोकून घसा मोकळा करी आणि मग म्हणे, "आहे, मेलं नाही अजून." किंवा, "उजवं उठून दोन कामं करून बसलंय, डाव्याचं काय ते बघा." किंवा, चहा झाला असला तर, "उजवं प्यायला बसतंय, डाव्याला हवं असेल तर यावं." कधी नुसतं एका शब्दात तिनं त्यांना सोडलं नाही.

त्या वर्षीच्या थंडीत दोघंही एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळले. आधी आई, तिची शुश्रूषा करता करता आप्पा. न्यूमोनिया, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि आप्पांचं हृदयही दमलेलं. तालुक्याच्या लहानशा दवाखान्यात दोघांना भरती केलं. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. मधोमध प्लायवूडची आडभिंत घालून तिचा पुरुषांचा आणि बायकांचा वॉर्ड केला होता. आडभिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरच्या फटीतून खोकले, कण्हणं, डब्यांचे वास, रेडिओवरचे भाव सगळं इकडून तिकडं जाई. आप्पांची खाट भिंतीच्या अलीकडे आणि आईची, नर्सनं दया येऊन लावून दिली ती, बरोबर पलीकडे.

पहिल्या सकाळी आप्पांनी खाटेवरूनच हाक मारली. "उजवं?" पुरुषांच्या वॉर्डातल्या लोकांना वाटलं, तापात बडबडतोय. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला आणि मागोमाग, दमादमानं, "आहे. इथं तरी झोपू द्या." सगळा वॉर्ड हसला. त्यानंतर ती हाक दवाखान्याचीच झाली. कपाळाला पट्टी बांधलेला एक सुतार होता. तो म्हणायचा, हाक झाल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

थोरली गाळा बंद ठेवून दिवसभर दवाखान्यात असे. थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे. आईला पाणी पाजलं की आप्पांना पाजायचं. तिचंही बिचारीचं तोललेलंच चालू होतं.

आई गेली ती दुपारी. आप्पांना औषधाची गुंगी होती. थोरलीच्या हातात आईचा हात होता आणि तो हात कधी नुसता वजन झाला ते तिला नेमकं कळलं नाही. नर्सनं पडदा ओढला. धाकटा आला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की वडिलांचं हृदय आत्ता काठावर आहे, निदान आठवडाभर त्यांना कुठलाही धक्का नको. मग धाकट्यानं आईला मागच्या दारानं नेलं, गावी नेऊन माती दिली, आणि संध्याकाळी तो आप्पांच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या बुटांना ओली तांबडी माती होती. आप्पांनी डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं आणि विचारलं, बटाट्याला पाणी दिलंस का. धाकट्यानं हो म्हटलं.

"आणि ही?"

"झोपलीय," धाकटा म्हणाला.

 त्या शब्दावर आप्पांची बोटं चादरीवर एकदा आवळली. थोरलीला वाटलं, कळ आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली.

थोरली तेव्हा बायकांच्या वॉर्डात होती. आईच्या खाटेवर नवीन पेशंट आली होती, पाय मोडलेली एक अंडीवाली, आणि थोरली आईची चादर, कंगवा, फुलपात्र पिशवीत भरत होती. "उजवं?" भिंतीवरून आवाज आला. सगळ्या बायका गप्प झाल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीच्या हातात फुलपात्र तसंच राहिलं. हाक पुन्हा आली नाही. आप्पा पहिल्या हाकेनंतर कधी दुसरी मारत नसत; ते थांबले होते. भिंतीपलीकडं त्यांची पाठ ताठ झालेली तिला न बघता दिसली. ती किती वेळ थांबली कोण जाणे. मग तिनं तोंडाशी पदर धरला, आवाज जरा जड केला, आणि उत्तर दिलं.

"आहे."

 पलीकडून आप्पांचा सुस्कारा ऐकू आला. "बरं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. रोज सकाळी हाकेच्या आधी जाऊन अंडीवालीच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचं. आप्पा आता दिवसातही मारायला लागले होते हाक, दुपारी, कधी दिवेलागणीला, आणि तिला सारखी धावपळ करावी लागे. इकडं त्यांचं तोंड पुसत असताना त्यांना झोप लागतेय असं वाटलं की ती तिकडं जाऊन बसे. एकदा ती थर्मास भरायला बाहेर गेली आणि परत आली तर अंडीवाली तिच्याकडं ओशाळून बघत होती. तू नव्हतीस, ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याला ताटकळत किती ठेवायचं, तेव्हा मीच म्हटलं आहे म्हणून. ओळखलं नाही बहुतेक. थोरलीनं तिला नुसता हात जोडून नमस्कार केला आणि व्हरांड्यात जाऊन ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. एक आई गेली, तिच्या जागी दोन खोट्या बायका बसल्या, आणि ज्या माणसाचं सगळं आयुष्य दोन्ही बाजू खऱ्या ठेवण्यात गेलं तो त्यांच्या भरवशावर पडून होता.

आप्पा सुधारत नव्हते. डॉक्टरीणबाई आता धक्क्याबद्दल बोलत नव्हत्या, घरी न्यायचं तर न्या म्हणत होत्या, आणि त्याचा अर्थ थोरलीला कळत होता. तिनं धाकट्याला व्हरांड्यात गाठलं. त्यांना सांगायला हवं, ती म्हणाली. बायको गेली आणि नवऱ्याला तिच्यासाठी रडूही दिलं नाही, असं कुठं असतं का. धाकट्यानं खूप वेळ खांबाकडं बघितलं. सांगितलं आणि तिथल्या तिथं काही झालं तर, तो म्हणाला. तो मुळात भित्रा नव्हता. एका आठवड्यात दुसऱ्यांदा माती उचलायची त्याची तयारी नव्हती, एवढंच.

"ताई, तू तिकडून उत्तर देतेस तेव्हा मलाही बरं वाटतं," तो म्हणाला. "मी बाहेर उभा राहून ऐकतो. मला वाटतं, आहे."

 ती रात्रभर विचार करत राहिली. त्यांना न कळता ते गेले तर ही फसवणूक कायमची होणार, मग ती सांगायला कुणी उरणार नाही. आणि सांगून ते गेले तर त्यांना तिनंच मारलं असं होईल. दोन्ही बाजू ती पुन्हापुन्हा उचलून बघत होती आणि दोन्ही सारख्याच जड होत्या.

तरी सकाळी ती स्टुलावर गेलीच नाही. आप्पांच्या खाटेवर, त्यांच्या पायाशी बसली. सुतार घरी गेला होता, शेजारची खाट रिकामी होती. आप्पा जागे होते. हाक मारायची वेळ झाली होती आणि ते मारत नव्हते. त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"आज इकडं?"

"आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब," ते म्हणाले. "आधी मी सांगतो. नंतर तुला वाटलं तर सांग."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी आजवर केरसुणी घेऊन टाळली होती. दम घेत, मधेच पाणी मागत.

माघारीचे दिवस होते. सासूच्या दोन्ही बाजूंना दोन जखमी बांधून त्यांना खाली पाठवलं होतं. डावीकडे टेलिफोनच्या तारा जोडणारा एक पोरगा, उजवीकडे तुकडीचा आचारी. दोघं एकाच गावचे, आणि आमटीत मीठ जास्त की कमी यावरून त्यांचं जन्माचं वैर. वाटभर तेच चाललं होतं. आप्पा पुढून हाक मारायचे, आणि आचारी आपलं उत्तर देऊन वर त्या पोराला एक टोमणा मारायचा. ओढ्यापाशी आले तेव्हा उजवीकडून उत्तर आलं नाही. आप्पा थांबले. वेळ दिला. मग मागं जाऊन बघितलं. तो गेला होता.

मेलेल्याला उतरवायचं, असा हुकूम होता. जनावर जिवंत माणसांसाठी. पण एका बाजूचं माणूस उतरवलं की दुसरं लटकणार. त्याच्या जागी दगड भरायला हवे होते, आणि सगळीकडं बर्फ. आप्पांनी नखांनी उकरून पाहिलं, एकही दगड सुटला नाही. मागून तोफा वाजत होत्या. आणि डावीकडचा पोरगा, ज्याला मान वळवता येत नव्हती, विचारत होता, का थांबलास, तो ठीक आहे ना?

"मी म्हटलं, झोपलाय," आप्पा म्हणाले.

थोरलीनं मान खाली घातली.

पुढं चालले. पण पोरगा घाबरला होता, हाकेची वाट बघत होता. तेव्हा आप्पांनी हाक मारली, "उजवं?" आणि तोंड कोटाच्या कॉलरात खुपसून, घोगऱ्या आवाजात, स्वतःच उत्तर दिलं, "आहे." असं तळापर्यंत. हाक तेच मारत होते, उत्तर तेच देत होते. मिठाबद्दलचा टोमणा मात्र त्यांना एकदाही सुचला नाही. खाली छावणीत पोराला उतरवून गाडीत घालताना त्यानं आप्पांची बाही धरली.

"म्हणाला, ओढ्यापासून ठाऊक होतं मला. पण तू इतक्या मनापासून उत्तरं देत होतास. म्हटलं, याला कशाला एकटं पाडा."

"जगला तो?" थोरलीनं विचारलं.

"माहीत नाही. गाडी गेली. मी परत वर गेलो."

भिंतीपलीकडं कुणीतरी बादली सरकवली. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. थोरलीला वाटलं आता ते बोलणार नाहीत. पण ते बोलले, आणि त्यांच्या तोंडावर जवळजवळ हसू होतं.

"तुझी आई कधी एका शब्दावर गप्प बसलीय का गं? आणि ते 'आहे' मी ओळखत नाही होय? टोपलीतलं आहे ते. उजव्या टोपलीतलं. इतक्या वर्षांनी ऐकलं." मग जरा थांबून, "परवा दुपारी तर कुणी तिसरीच होती. आवाजावरून धट्टीकट्टी वाटली."

"अंडीवाली," थोरली म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसताहसताच तोंड वेडंवाकडं झालं. "आप्पा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"धाकटा चिखलाचे बूट घालून आला तेव्हाच. बटाट्याचं रान असं तांबडं नाही." त्यांनी हात लांब केला, तो तिच्या हाताशी पोचेना, तेव्हा तिनं पुढं सरकून आपला हात त्याखाली दिला. "तुम्ही दोघं इतके दमून चालत होता. म्हटलं, तळापर्यंत जाऊ."

मग ते रडले. आवाज न करता, डोळे उघडे ठेवून, छताकडं बघत. थोरलीनं त्यांचे डोळे पुसले नाहीत. आई कशी गेली ते तिनं सांगितलं, हात कधी वजन झाला ते कळलं नाही तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काही बिघडलं नाही, हृदय थांबलं नाही. नुसतं दुःख झालं.

शेवटी ते म्हणाले, "मला घरी ने. घरी मी हाक मारीन. सवय आहे, सुटायची नाही. पण आता उत्तर देऊ नकोस. कुणीच देऊ नका. तिची बाजू रिकामी आहे. ती मला ऐकू दे."

निघताना थोरली पलीकडं जाऊन अंडीवालीला सांगून आली. अंडीवालीनं एवढंच विचारलं, की मग आता आम्ही सकाळी काय ऐकायचं.

त्यांना घरी आणलं. थोरली गाळ्याला कुलूप लावून वरच्या घरीच राहिली. पहिल्या दिवशी ती सामानाची एकच पिशवी एका हातात घेऊन उंबरा ओलांडत होती. आप्पा खाटेवरून बघत होते. ती थबकली. त्यांनी तिला तसंच आत जाऊ दिलं.

सकाळी ती चुलीपाशी होती. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "उजवं?" तिनं ओठ मिटून धरले. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं, टोपलीत असल्यापासूनचं, आणि ते गिळायला तिला जोर लावावा लागला. घर गप्प होतं. आप्पांनी नेहमीसारखा वेळ दिला, नेहमीपेक्षा जास्तच. मग म्हणाले, "बरं." आणि चहा मागितला.

असं रोज. काही दिवसांनी तिला त्या शांततेची सवय झाली. हाक, मग ती शांतता, मग बरं. कधी शांतता संपायच्या आत ते पुटपुटत, "हं, ऐकलं," जणू पलीकडून एखादा टोमणा आलाच होता. धाकटा दूध द्यायला येई तो हाकेच्या वेळेलाच येई, आणि दारात उभा राही. आता तो शांततेलाही थांबायचा.

बटाटे काढणीला आले होते त्या सुमाराची एक सकाळ. थोरलीनं आधण ठेवलं. खिडकीतून उताराची खालची बाजू दिसत होती, धाकट्याचं रान, रिकामी पोती. ती हाकेची वाट बघत होती. उजाडून बराच वेळ झाला. पाणी उकळायला लागलं. तिनं चहाची पावडर टाकली नाही.

ती चुलीपासून उठली आणि मधल्या भिंतीजवळ येऊन उभी राहिली. दार तिथंच होतं, बघायला एक पाऊल पुरलं असतं. तिनं ते टाकलं नाही.

"डावं?" तिनं हाक मारली.

बाहेरच्या खोलीतून काही आलं नाही. तिनं घाई केली नाही. दुसरी हाक मारली नाही. हाक मारल्यावर उत्तराला वेळ द्यायचा असतो. वाट चढणीची असते, पलीकडच्याला दम लागलेला असतो. मागं पाणी उकळत उकळत आटत गेलं, आणि ती भिंतीला हात टेकून उभी राहिली.